घाटाखालचे रोहिणखेड : दोन सिंहासनांचा निकाल लावणारे गाव

मोताळा तालुक्यातील एक लहानसे गाव, दीडशे वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन लढाया आणि त्यांच्यामागचा अजिंठ्याच्या डोंगराचा भूगोल

प्रतिनिधी
धामणगाव बढे (जि. बुलडाणा)

अजिंठ्याच्या लेण्या, लोणारचे सरोवर, सिंदखेडराजा येथील जिजाऊंचे जन्मस्थान आणि शेगावचे श्री गजानन महाराजांचे मंदिर या चार ठिकाणांना दरवर्षी लाखो लोक भेट देतात. मुंबई-पुण्याहून किंवा नागपूरहून येणारा प्रवासी या स्थळांच्या दरम्यान बुलडाणा जिल्हा आडवा-उभा ओलांडतो. पण मोताळा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अगदी पायथ्याशी वसलेल्या रोहिणखेडकडे त्याचे पाऊल सहसा वळत नाही. धामणगाव बढेच्या बाजाराला येणाऱ्या आसपासच्या खेड्यांतील माणसांना हे गाव परिचयाचे आहे. राज्याच्या इतर भागांतील वाचकांनी मात्र त्याचे नावही क्वचितच ऐकले असेल.

असे असले तरी दख्खनच्या इतिहासात या गावाचे नाव दोन वेळा ठळकपणे येते. फारसी साधनांत त्याचा उल्लेख ‘रोहनखेड’ असा आहे. सन १४३७ मध्ये येथे बहमनी सुलतानाच्या सैन्याने खानदेशच्या सुलतानाचा पराभव केला. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी येथेच अहमदनगरच्या निजामशाहीच्या गादीवर कोणी बसावे, याचा निकाल रणांगणात लागला. एका राजधानीत नव्हे, एखाद्या बलाढ्य किल्ल्याच्या तटाखालीही नव्हे, तर एका खेड्याच्या शिवारात हे घडले. ते येथेच का घडले, याचे उत्तर बऱ्याच अंशी जमिनीच्या ठेवणीत सापडते.

घाटावर आणि घाटाखाली

बुलडाणा जिल्ह्यातील माणूस आपला पत्ता सांगताना आधी ‘घाटावर’ की ‘घाटाखाली’ ते सांगतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे सरळ दोन भाग केले आहेत. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा पठारी प्रदेश घाटावरचा. तर मोताळा, मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव हा पूर्णा नदीच्या खोऱ्याचा सपाट प्रदेश घाटाखालचा. जुन्या वऱ्हाड सुभ्यातही हीच विभागणी होती. पठाराला ‘बालाघाट’ आणि खोऱ्याला ‘पाइनघाट’ म्हणत.

बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तर घाट उतरून गेल्यावर लागणारे मलकापूर अडीचशे मीटरच्या आसपास. या दोन गावांमधील रस्त्याचे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. म्हणजे तासा-दीड तासाच्या प्रवासात प्रवासी चारशे मीटर खाली उतरतो. हवा बदलते, मातीचा थर बदलतो आणि पाण्याची दिशाही बदलते. बुलडाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा पठारावरून दक्षिण-पूर्वेकडे निघते. तिचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगराच्या उत्तर उतारावरील पाणी नळगंगेवाटे पूर्णेला, तेथून तापीला आणि अखेर अरबी समुद्राला जाते. एकाच डोंगरमाथ्यावर पडलेल्या पावसाच्या दोन सरी अशा दोन समुद्रांना जाऊन मिळतात.

या डोंगराच्या कड्यावरून सैन्य, तोफा, हत्ती, बैलांचे तांडे हवे तेथून उतरू शकत नाहीत. त्यासाठी घाटवाटाच लागतात. आज राजूर घाटातून बुलडाणा-मलकापूर मार्ग जातो. पूर्वीही वापरातल्या वाटा मोजक्याच होत्या. नकाशावर पाहिले तर खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर आणि रोहिणखेड ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच उभ्या रेषेत येतात. सरळ रेषेत हे अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास भरते. उत्तरेकडून तापी-पूर्णेचे सपाट खोरे ओलांडून दख्खनच्या पठारावर चढू पाहणाऱ्याला आणि पठारावरून खानदेशात उतरू पाहणाऱ्याला या पायथ्याशी एकमेकांची गाठ पडणे अटळ होते.

पहिली लढाई : एका लेकीचे पत्र

पहिल्या लढाईचे निमित्त कौटुंबिक होते. बहमनी सुलतान अल्लाउद्दीन अहमदशहा याचा विवाह खानदेशच्या नासीरखान फारुकीच्या मुलीशी झाला होता. पुढे सुलतानाने कोकणातील संगमेश्वरच्या राजाच्या मुलीशी विवाह केला आणि तिच्यावर त्याची मर्जी अधिक बसली. दुर्लक्षित राणीने आपले गाऱ्हाणे पित्याला कळविले. लेकीच्या अपमानाचा सूड घेण्यासाठी नासीरखान वऱ्हाडात उतरला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो.

निमित्त घरचे असले तरी कारण केवळ तेवढेच नव्हते. वऱ्हाड हा कापसाच्या काळ्या जमिनीचा संपन्न सुभा होता आणि खानदेशाचे राज्य त्या मानाने लहान. नासीरखानाला गुजरातच्या सुलतानाचा पाठिंबा होता. वऱ्हाडातील काही बहमनी सरदारही त्याला मिळाले. वऱ्हाडचा सुभेदार खान-इ-जहान याला नरनाळा किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. अशा वेळी दौलताबादचा सुभेदार खलफ हसन बसरी याच्यावर मोहिमेची जबाबदारी सोपविण्यात आली. ‘मलिक-उत्-तुज्जार’ या किताबाने तो ओळखला जाई. आपल्यासोबत केवळ परदेशी, म्हणजे इराण, अरबस्तान, मध्य आशिया येथून आलेले सैनिक द्यावेत, दख्खनी सरदार नकोत, अशी अट त्याने घातल्याचे फरिश्त्याने नोंदविले आहे.

खलफ हसन मेहकरकडून, म्हणजे घाटावरून आला. नरनाळ्याहून निसटून आलेल्या खान-इ-जहानाला त्याने बाळापूर-एलिचपूरच्या बाजूला पाठवून शत्रूची मदत अडवली आणि स्वतः डोंगर उतरून रोहिणखेडला नासीरखानावर झडप घातली. खानदेशी सैन्य मोडले. विजयी फौज त्याच्या मागावर थेट बऱ्हाणपूरपर्यंत गेली. शहर लुटले गेले. नासीरखानाने धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याचा आश्रय घेतला. तेथेही पराभव पत्करून त्याच वर्षी तो मरण पावला.

या विजयाची किंमत मात्र बहमनी राज्याला पुढे मोजावी लागली. दख्खनींना वगळून मिळविलेल्या यशाबद्दल परदेशी सरदारांचा दरबारात सन्मान झाला. दरबारातील उजव्या बाजूची मानाची जागा त्यांना देण्यात आली. दख्खनी आणि हबशी सरदारांना डावी बाजू मिळाली. ‘दख्खनी’ आणि ‘आफाकी’ या दोन गटांतील वैर आधीपासून होतेच. रोहिणखेडनंतर त्याला उघड रूप आले. पुढे याच वैराने बहमनी राज्याला पोखरले आणि त्याचे तुकडे होण्यास हातभार लावला. खुद्द खलफ हसनाचा शेवटही घाटवाटेवरच झाला. कोकणच्या मोहिमेत शिर्क्यांनी त्याला विशाळगडाच्या दाट अरण्यात नेले आणि तेथे तो सैन्यासह मारला गेला. अजिंठ्याचा घाट उतरून जिंकलेला हा सेनापती सह्याद्रीच्या घाटात हरला.

दुसरी लढाई : पाण्यावाचून हरलेली

दुसऱ्या लढाईपर्यंत दख्खनचा नकाशा पार बदलला होता. वऱ्हाडची इमादशाही १५७४ मध्ये निजामशाहीने गिळंकृत केली होती, त्यामुळे रोहिणखेड आता अहमदनगरच्या अमलाखाली होते. अहमदनगरला मात्र स्थैर्य उरले नव्हते. १५८८ मध्ये मुर्तजा निजामशहाचा त्याच्याच मुलाने वध केला. १५८९ मध्ये त्या मुलाचाही खून झाला. या धामधुमीत दख्खनी गटाचा नेता जमालखान याने सत्ता हाती घेतली आणि इस्माईल या अल्पवयीन राजपुत्राला गादीवर बसविले.

जमालखान हा महदवी पंथाचा अनुयायी होता. पंधराव्या शतकात जौनपूरच्या सय्यद महंमद यांनी आपण ‘महदी’ असल्याचे जाहीर केले, त्यांच्या अनुयायांचा हा पंथ. हिजरी सनाचे सहस्रक पूर्ण होत आलेले असताना या पंथाला दख्खनमध्ये मोठे पाठबळ लाभले होते. जमालखानाने अहमदनगरच्या दरबारात त्याला राजाश्रय दिला.

गादीवर बसविलेल्या इस्माईलचा पिता बुऱ्हाण हा मात्र जिवंत होता. भावाच्या धाकाने तो अकबराच्या आश्रयाला गेला होता. मुलगा गादीवर आणि बाप परागंदा, असा हा विलक्षण पेच होता. बुऱ्हाणने आपला हक्क सांगितला, तेव्हा खानदेशचा राजा अलीखान आणि विजापूरचा इब्राहीम आदिलशहा त्याच्या बाजूने उभे राहिले. जमालखानाने प्रथम दक्षिणेकडे वळून धाराशिवजवळ विजापूरच्या सैन्याचा पराभव केला आणि मग त्याच वेगाने तो उत्तरेकडे, वऱ्हाडच्या दिशेने निघाला.

ही लढाई हिजरी ९९९ मध्ये झाली. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये १५९० हे वर्ष दिले आहे. फरिश्त्याने दिलेली रज्जब महिन्याची तारीख धरली तर ती १५९१ च्या ऐन उन्हाळ्यात येते. वैशाखातील घाटाखालचा प्रदेश ज्याने पाहिला आहे, त्याला पुढचा प्रसंग समजण्यास अडचण पडणार नाही. डोंगरउतारावरचे ओढे आटलेले, कातळ तापलेला आणि पठारावरून दीर्घ मजल मारून आलेली फौज तहानेने व्याकूळ. बुऱ्हाण आणि राजा अलीखान खालच्या बाजूने आले होते. घाटाचे तोंड आणि पाण्याच्या जागा त्यांच्या ताब्यात होत्या. जमालखानाला विश्रांती न घेता लढावे लागले. तरीही त्याचे सैन्य जिद्दीने लढले. ऐन लढाईत बंदुकीची गोळी लागून जमालखान पडला आणि त्याच्या फौजेची फळी फुटली. इस्माईल पित्याच्या हाती लागला. बाप ‘बुऱ्हाण निजामशहा दुसरा’ म्हणून गादीवर बसला; महदवी पंथाचा राजाश्रय संपला.

दोन्ही लढायांची तुलना केली म्हणजे भूगोलाचा वाटा ध्यानी येतो. दोन्ही वेळा एक पक्ष घाटावरून आला, दुसरा घाटाखालून. १४३७ मध्ये वरून आलेल्याने वेग साधला आणि तो जिंकला. १५९१ मध्ये वरून आलेल्याला पाणी मिळाले नाही आणि तो हरला. उंचीचा फायदा प्रत्येक वेळी कामी येत नाही. डोंगर उतरल्यावर पहिले पाणी कोणाच्या हाती आहे, यावर बरेच काही ठरते.

या निकालाने अहमदनगरचे दैव मात्र फिरले नाही. बुऱ्हाण १५९५ मध्ये वारला. त्यानंतरच्या वारसाकलहात मुघल फौजा अहमदनगरच्या वेशीवर आल्या. चांदबिबीने किल्ला शर्थीने लढविला. परंतु १५९६ च्या तहात वऱ्हाड अकबराला द्यावे लागले. रोहिणखेडचा विजेता राजा अलीखान १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठच्या लढाईत मुघलांच्या बाजूने लढताना पडला आणि १६०१ च्या आरंभी असीरगड पडून खानदेशचे राज्यही संपले. येथे लढलेल्या दोन्ही बाजू पुढे एकाच साम्राज्याच्या घशात गेल्या.

विजयाआधीची मशीद

या सर्व घडामोडींचा एक साक्षीदार रोहिणखेडमध्ये आहे. खुदावंदखान महदवी याने १५८२ मध्ये बांधलेली मशीद ही ती वास्तू. आकाराने लहान, पण देखणी, असे तिचे वर्णन ब्रिटिशकालीन गॅझेटियरने केले आहे. खुदावंदखान हा जमालखानाच्याच पक्षातील, त्याच पंथाचा सरदार. म्हणजे महदवी पंथाचा बहर असताना या गावात ती मशीद उभी राहिली आणि नऊ वर्षांनी त्याच गावाच्या शिवारात त्या पंथाचा राजकीय नेता धारातीर्थी पडला. एखाद्या पंथाचा उत्कर्ष आणि त्याचा पाडाव एकाच खेड्यात असा समोरासमोर पाहावयास मिळणे दुर्मीळच.

घाटावरील साखरखेर्डा येथेही खुदावंदखानाच्या नावाची मशीद आहे, आणि योगायोग असा, की तेही लढाईचेच गाव. १७२४ च्या ऑक्टोबरमध्ये तेथे निजाम-उल-मुल्क याने मुघल सुभेदार मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया घातला. त्या विजयावरून गावाला ‘फत्तेखेर्डा’ असे नाव देण्यात आले होते. लोकांनी मात्र जुने गोड नावच टिकविले.

परिसरात काय पाहावे

रोहिणखेडला जाणाऱ्याने केवळ एका वास्तूपुरता वेळ राखून ठेवू नये. याच मोताळा तालुक्यातील कोथळी येथे महादेवाचे प्राचीन दगडी मंदिर आहे. हेन्री कझन्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवर लिहिलेल्या आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कोथळीची दखल घेतली आहे. अशा मंदिरांना आपल्याकडे सरसकट ‘हेमाडपंती’ म्हटले जाते. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातील यादव राजांचा प्रधान. पण चुन्याशिवाय दगडात दगड बसवून बांधलेली अनेक मंदिरे त्याच्याही आधीची आहेत. नाव प्रधानाचे लागले, शैली मात्र त्याच्यापेक्षा जुनी. चिखली तालुक्यातील साकेगाव व सातगाव भुसारी, मेहकर आणि लोणार येथे याच परंपरेची मंदिरे आढळतात.

तालुक्यातील नळगंगा धरणाचा जलाशय आणि राजूर घाटाची वळणे पावसाळ्यानंतर विशेष रमणीय दिसतात. घाटाच्या पूर्वेकडे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले हे सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचे वन अस्वलांसाठी प्रसिद्ध आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून येथे पोहोचला, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे त्याचा मार्ग टिपता आला. शेते, रस्ते, नद्या ओलांडत त्याने अखेर या डोंगराचाच आसरा घेतला. सैन्यांच्या वाटा बंद झाल्या, तरी अजिंठ्याची ही रांग वन्यजीवांचा मार्ग म्हणून अजून उपयोगी पडते आहे.

रणांगण नेमके कोठे?

मशीद डोळ्यांनी दिसते, मंदिर दिसते. रणांगण दिसत नाही. ते आज कपाशीच्या, मक्याच्या, सोयाबीनच्या शेतांखाली आहे. संरक्षित स्मारकांविषयीचा आपला विचार मुख्यतः बांधकामाभोवती फिरतो. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांना संरक्षण देतो. परंतु मोकळ्या शिवाराला ‘स्थळ’ म्हणून मान्यता मिळवावयाची, तर त्याची जागा आधी पुराव्यानिशी निश्चित करावी लागते.

या बाबतीत इंग्लंडमधील एक उदाहरण बोधप्रद आहे. लीस्टरशायर परगण्यातील मार्केट बॉसवर्थ या जुन्या गावाजवळ १४८५ मध्ये राजा तिसरा रिचर्ड लढाईत मारला गेला आणि ट्यूडर घराणे सत्तेवर आले. ही लढाई ॲम्बियन टेकडीवर झाली, अशी पिढ्यान् पिढ्या समजूत होती. तेथे माहिती केंद्रही उभारले गेले. पुढे २००५ पासून काही वर्षे इतिहासकार, मृदातज्ज्ञ आणि धातुशोधक यंत्रे घेतलेले स्वयंसेवक यांनी आसपासची शेते पद्धतशीर पिंजून काढली. तेव्हा तोफांचे शिशाचे गोळे आणि रिचर्डच्या पक्षाचे रानडुकराचे चांदीचे चिन्ह सापडले, ते टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटर दूर. खरे रणांगण वेगळेच निघाले. इंग्लंडमध्ये १९९५ पासून ऐतिहासिक रणभूमींची स्वतंत्र नोंदवही ठेवली जाते आणि एखादा रस्ता किंवा वसाहत मंजूर करताना तिचा विचार करावा लागतो.

रोहिणखेडच्या दुसऱ्या लढाईत बंदुका चालल्या होत्या. बंदुकीची शिशाची गोळी जमिनीत शतकानुशतके टिकते. घाटाच्या तोंडापासून पाण्याच्या जुन्या जागांपर्यंतच्या पट्ट्याची शास्त्रशुद्ध पाहणी झाली, जुने महसुली नकाशे आणि शेतांची पारंपरिक नावे तपासली गेली, तर लढाईची जागा ठरविणे अशक्य नाही. हे काम उत्खननाइतके खर्चिक नाही. विद्यापीठांचे इतिहास आणि पुरातत्त्व विभाग, स्थानिक महाविद्यालये व शाळा यांनी ते संयुक्तपणे हाती घेण्याजोगे आहे.

त्यासाठी फार वाट पाहणेही परवडणारे नाही. पूर्वी नांगराचा फाळ जमिनीत वीतभर जाई. आता शेततळ्यांसाठी, सपाटीकरणासाठी आणि मुरूम-गिट्टीसाठी यंत्रे काही तासांत पुरुषभर माती उलटवतात. शेतकऱ्याची गरज खरी आहे आणि शेततळे त्याला हवेच. पण उलटलेल्या मातीत काय होते, हे पाहणारे कोणी नसेल तर पुरावा कायमचा नाहीसा होतो. शेतात जुनी नाणी, शस्त्रे, कोरीव दगड आढळल्यास ते भंगारात किंवा दलालाच्या हाती न देता तहसील कार्यालयाला कळविणे, हा यातील सोपा मार्ग आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना सूचना देणे बंधनकारक आहे. वस्तू कोणत्या शेतात, किती खोलीवर सापडली याची नोंद कित्येकदा त्या वस्तूपेक्षाही मोलाची ठरते.

आपल्याकडे इतिहास म्हटला की किल्ला आणि राजवाडा डोळ्यांपुढे येतो. दौलताबाद, अहमदनगर, बऱ्हाणपूर, असीरगड यांचे तट आजही उभे आहेत. मात्र त्या तटांच्या आतील माणसांचे भवितव्य ज्या ठिकाणी ठरले, ते हे घाटाखालचे शिवार कोणत्याही तटाविना उघडे आहे. अजिंठ्याहून शेगावकडे किंवा लोणारहून बऱ्हाणपूरकडे जाताना अर्धा दिवस काढून येथे यावे, मशिदीपाशी उभे राहून दक्षिणेच्या डोंगराकडे पाहावे. दोन्ही लढायांची मांडणी पुस्तकाविनाही उलगडू लागते.

कसे जावे?

मध्य रेल्वेच्या भुसावळ-अकोला मार्गावरील मलकापूर हे सोयीचे रेल्वे स्थानक आहे. मुंबई-नागपूर राष्ट्रीय महामार्गही मलकापूरवरून जातो. मलकापूर-बुलडाणा रस्त्यावर मोताळा हे तालुक्याचे ठिकाण लागते. तेथून रोहिणखेड, धामणगाव बढे आणि कोथळी या गावांकडे जाता येते. मुक्कामासाठी बुलडाणा, मलकापूर किंवा शेगाव सोयीचे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मशीद व मंदिर ही प्रार्थनेची स्थळे असल्याने तेथील शिस्त पाळावी, शिलालेखांना रंग, तेल किंवा खडू लावू नये आणि शेतात शिरताना मालकाची परवानगी घ्यावी.